डीएनएची नक्कल कशी होते: कागद-सुतळीने करून बघा

विज्ञान प्रदर्शनात डीएनएची नक्कल दाखवायची म्हटलं की मुलं झिप उघडावी तसे दोन धागे सुटे करतात, दोन्हींवर नवे धागे चिकटवतात आणि मोकळी होतात. दिसतं छान, पण खरी अडचण दिशेची असते आणि तीच दाखवायची राहून जाते.

सामान किरकोळ आहे: दोन रंगांचा घोटीव कागद, सुतळी, लाल स्केचपेन, डिंक. ठाण्यात जांभळी नाक्याला एक फेरी मारली की झालं. गणपतीच्या सजावटीतला कागद उरला असेल तर तोही चालेल.

आधी सुतळी घ्या. दोन हातभर तुकडे एकमेकांत पिळा. एक टोक कुणालातरी घट्ट धरायला सांगा आणि दुसऱ्या टोकाकडून धागे वेगळे ओढा. पुढचा पीळ आवळत जातो आणि काम अडतं. पेशीत हेलिकेज हे विकर (एन्झाइम) धाग्यांमधले हायड्रोजन बंध सोडवत पुढे सरकतं, तेव्हा हेच होतं. मग टोपोआयसोमरेज हे दुसरं विकर धागा कापतं, पीळ सोडवतं आणि परत जोडतं. (इटोपोसाइड हे कर्करोगाचं औषध नेमकं इथेच खोडा घालतं.)

आता एकाच रंगाच्या दोन लांब पट्ट्या वर-खाली ठेवा. वरचीवर ए, टी, जी, सी या डीएनएच्या चार अक्षरांतून मनाला येतील ती २० लिहा, खालचीवर जोडीदार: एसमोर टी, जीसमोर सी. वरच्या पट्टीच्या डाव्या टोकाला ३, उजव्याला ५ लिहा, खालचीला उलट. हे आकडे म्हणजे धाग्याच्या दोन टोकांची नावं, त्यांच्यावरून दिशा कळते. ते गाळू नका, पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

पट्ट्या डावीकडून निम्म्या उघडा. नवा धागा बांधणाऱ्या पॉलिमरेजच्या दोन अटी आहेत: भर घालायची ती नव्या धाग्याच्या ३ टोकालाच, आणि सुरुवात आयती हवी. ती सुरुवात प्रायमेज करून देतं, आरएनएचा (डीएनएच्या भाऊबंद रेणूचा) छोटा तुकडा बसवून. तो लाल रंगाने लिहा, टीऐवजी यू.

वरच्या पट्टीवर डाव्या टोकाला एक लाल तुकडा लावा आणि दुसऱ्या रंगाची पट्टी उजवीकडे वाढवत न्या. संपलं.

खालची पट्टी रडवते. तिथे लाल तुकडा उघडलेल्या तोंडापाशी (जिथे पट्ट्या सुट्या होतात तिथे) लावून डावीकडे, म्हणजे उलट यावं लागतं. मग आणखी पाच अक्षरं उघडा, तोंडापाशी नवा लाल तुकडा लावा, पुन्हा मागे या. हेच ओकाझाकी तुकडे. रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या जपानी दाम्पत्याने ते १९६० च्या दशकात शोधले. जिवाणूंमध्ये ते एक-दोन हजार अक्षरांचे असतात, माणसात शे-दोनशेचे. मुलांना इथे घाई करू देऊ नका. एवढं हाताने केलं की पाठांतर लागत नाही.

शेवटी लाल तुकडे काढून तिथे डीएनएची अक्षरं बसवा आणि फटी डिंकाने सांधा. हे सांधायचं काम लायगेजचं. तयार झालेल्या प्रत्येक जोडीत एक पट्टी जुनी, एक नवी दिसायला हवी. १९५८ मध्ये मेसेल्सन आणि स्टाल यांनी जड नायट्रोजनवर ई. कोलाय हे जिवाणू वाढवून हेच सिद्ध केलं.

माणसाचा एवढा लांब डीएनए काही तासांत कसा उतरतो, असं परीक्षकांनी विचारलं तर? नक्कल हजारो ठिकाणी सुरू होते. तक्त्यावर जागा असेल तर पट्टीच्या मधोमध आणखी एक तोंड उघडून ठेवा.