आंबा-काजूच्या बागेत लाकडी ढलप्यांचे आच्छादन: पाऊस सरल्यानंतरचा सल्ला

परतीचा पाऊस ओसरला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्याची जमीन झपाट्याने सुकू लागते. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही ही जमीन ओल फार काळ धरत नाही, आणि म्हणूनच कातळउतारावरची पहिल्या दोन-तीन वर्षांची कलमे मार्च-एप्रिलमध्ये मान टाकतात. आळ्यात ओल असतानाच आच्छादन करावे. पातेरा आणि गवत चालतेच, परंतु ते वाऱ्याने उडते व लवकर कुजते. छाटणीच्या फांद्या यंत्रातून काढून केलेले ढलपे त्याहून अधिक टिकतात. वखारीतला बारीक भुसा जाड थरात घालू नये, कारण तो दबून घट्ट होतो आणि पाणी खाली जाऊ देत नाही. रंगवलेल्या किंवा औषध मारलेल्या लाकडाचे तुकडे बागेत आणूच नयेत.

थर तीन ते चार इंचांचा असावा व खोडाभोवती किमान अर्धा फूट जागा मोकळी ठेवावी. काजूत हे विशेष कटाक्षाने पाळावे. रोठा म्हणजे काजूचे खोड व मुळे पोखरणारी कीड; तिची मादी बुंध्याजवळच्या सालीच्या भेगांत अंडी घालते, आणि प्रादुर्भावाची पहिली खूण म्हणजे तेथे दिसणारा भुसा व डिंक. ढलपे बुंध्याला टेकवले तर ही खूणच झाकली जाते. रोठ्याने मेलेल्या झाडाचे ढलपे बागेत वापरू नयेत.

ढलपे मातीत मिसळू नयेत. मिसळल्यास ते कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतील नत्र वापरतात आणि कलमे पिवळी पडतात; वर पसरलेले असताना हा परिणाम पृष्ठभागाच्या पातळ थरापुरताच राहतो. खत देताना ढलपे बाजूला सारून खत मातीत द्यावे.

उत्पादनक्षम हापूसमध्ये मात्र घाई नको. मोहोर येण्यासाठी झाडाला पावसानंतरचा पाण्याचा ताण आवश्यक असल्याने, तेथे फळे वाटाण्याएवढी झाल्यावर आळ्यात आच्छादन करून पंधरा दिवसांच्या अंतराने प्रतिझाड दीडशे ते दोनशे लिटर पाणी द्यावे, म्हणजे फळगळ कमी होते.

वणव्याचा धोका सर्वांना ठाऊक आहे, तरी दरवर्षी बागा जळतातच. ढलपे घातलेल्या बागेभोवतीचे गवत फेब्रुवारीपूर्वी कापून जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा पट्टा, काढावी. वाळवी दिसल्यास त्या आळ्यातील थर पातळ करावा आणि मेअखेरीस, पहिल्या सरींपूर्वी, बुंध्याकडे सरकलेले ढलपे पुन्हा मागे ओढावेत.