लोड ५० टक्क्यांवर आणला की कॉलमच्या तळातून मेथॅनॉल जातं? माझा अनुभव

लक्षण: मेथॅनॉल-पाणी उकळून वेगळं करणारा, सीव्ह ट्रेचा (भोकांच्या आडव्या ताटांचा) डिस्टिलेशन कॉलम. मागणी घटली म्हणून फीड (आत येणारं मिश्रण) निम्म्यावर आणला. कॉलमचा डीपी (तळ आणि माथा यांच्या दाबातला फरक) पडला, तळाचं तापमान उतरलं आणि ईटीपीकडे (सांडपाणी शुद्धीकरणाकडे) जाणाऱ्या पाण्यात मेथॅनॉल सापडू लागलं.

आधी ट्रान्समीटर कॅलिब्रेट केले, फीडचा ट्रे बदलला. तळाला उष्णता देणारी नुसती स्टीम वाढवली तर रिफ्लक्स (वरची वाफ थंड करून कॉलममध्ये परत सोडलेला द्रव) फ्लो-कंट्रोलवर, म्हणजे ठरलेल्या प्रवाहावर अडकलेला, म्हणून जादा वाफ थेट प्रॉडक्टमध्ये. वरचं तापमान ६५ अंशांवर राहीना. तीन नाईट शिफ्ट यातच गेल्या.

दुखणं वीपिंगचं होतं: वाफेचा वेग कमी पडला की सीव्ह ट्रेच्या भोकांतून द्रव खाली गळतो. म्हणजे फीड निम्मा केला, तरी वाफ निम्मी करायची नाही.

चाललेला क्रम असा. पुन्हा पूर्ण लोडवर गेलो. रिफ्लक्स ड्रमची (थंड झालेला द्रव साठतो त्या टाकीची) लेव्हल रिफ्लक्स व्हॉल्व्हवर घेतली, डिस्टिलेट (वरून बाहेर काढलेलं मेथॅनॉल) फीडच्या प्रमाणात बांधला. मग फीड ५-५ टक्क्यांनी खाली, प्रत्येक पायरीनंतर २० मिनिटं थांबून. स्टीमही सोबत उतरवली, पण ७० टक्क्यांवर रोखली. (हा आकडा आमच्या कॉलमचा. तुमचा डीपी जिथे अचानक कोसळतो, त्याच्या थोडं वर थांबा.) त्यापुढे फक्त फीड आणि डिस्टिलेट कमी केले, रिफ्लक्स आपोआप वाढला.

दोन तासांनी तळाचा नमुना स्वच्छ. टनामागे स्टीम जास्त लागते, त्यावरून अकाउंट्सवाले अजून कुरकुरतात.