पदवीसाठी अमेरिकेबाहेर जाताना

पदवीचे संपूर्ण शिक्षण परदेशात घेऊ इच्छिणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्याने देश निवडण्याआधी आपला विषय निश्चित करावा. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत मुख्य विषयाचा निर्णय दुसऱ्या वर्षापर्यंत लांबवता येतो. इंग्लंडमध्ये मात्र प्रवेशच ठरावीक विषयासाठी मिळतो, पदवी बहुधा तीन वर्षांची असते आणि मध्येच विषय बदलणे अवघड जाते. ज्याचा कल अद्याप स्पष्ट झालेला नाही, त्याला चार वर्षांची पदवी देणारे स्कॉटलंड अधिक मानवेल, कारण तेथे सुरुवातीच्या वर्षांत इतर विषयही अभ्यासता येतात. ब्रिटनमधील अर्ज 'यूकॅस' या सामायिक यंत्रणेतून केले जातात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपत असल्याने हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात तयारी सुरू करावी. अर्जातील लेखनात छंद आणि समाजकार्यापेक्षा विषयाच्या वाचनाला महत्त्व द्यावे.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत; बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. केवळ हायस्कूलचा दाखला तेथे अनेकदा पुरेसा ठरत नाही, त्यासोबत एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या महाविद्यालयीन पातळीच्या, परीक्षांचे गुण मागितले जातात, आणि पदवीचे बरेचसे अभ्यासक्रम जर्मन भाषेत असतात. शिवाय निर्वाहखर्चाची तरतूद दाखवावी लागते. त्यासाठीच्या राखीव खात्यातील (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वार्षिक रक्कम सप्टेंबर २०२४ मध्ये ११,९०४ युरो ठरली. येथे एक बाब हमखास नजरेतून सुटते: परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरपेक्षा अधिक झाली, तर अमेरिकी नागरिकाला त्याचे 'एफबार' विवरण द्यावे लागते, आणि ते प्राप्तिकर विवरणापेक्षा वेगळे असते.

कमी शुल्क पाहून हुरळून जाण्याआधी आर्थिक साहाय्याचा हिशेब मांडावा. परदेशी विद्यापीठातून पदवी घेताना पेल अनुदान, म्हणजे कमी उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न फेडावी लागणारी संघीय मदत, मिळत नाही, त्यामुळे त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबासाठी घराजवळचे सरकारी विद्यापीठच स्वस्त पडू शकते. 'फाफ्सा' हा संघीय आर्थिक साहाय्यासाठीचा अर्ज भरून संघीय कर्ज मात्र घेता येते, पण संबंधित विद्यापीठ त्या योजनेत सहभागी असले तरच. शिक्षणखर्चासाठी करसवलत देणाऱ्या ५२९ बचत योजनेतील पैसे करमुक्त वापरण्यासाठीही विद्यापीठ पात्र असावे लागते.

वैद्यकशास्त्र किंवा कायदा शिकून अमेरिकेत परतण्याचा विचार असेल, तर ज्या राज्यात व्यवसाय करायचा आहे तेथील परवान्याचे नियम प्रवेश स्वीकारण्यापूर्वीच वाचावेत, कारण हे नियम राज्यागणिक बदलतात.