मुंबईत आर्किटेक्चरची व्याख्यानं, वॉक कसे गाठायचे

सुरुवात काळा घोडा आर्ट्स फेस्टिव्हलपासून करा. १९९९ पासून होतोय, साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, एन्ट्री फ्री, आणि त्यात अर्बन डिझाइन-आर्किटेक्चरचा वेगळा सेक्शन असतो हे खूप जणांना माहितीच नसतं. प्रोग्रॅम आला की त्याच दिवशी बघा, कारण वॉकच्या, म्हणजे जाणकारासोबत इमारती बघत फिरण्याच्या, जागा मोजक्या असतात आणि भराभर भरतात. बाकी वर्षभर फोर्टमधल्या अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा, १९८४ पासूनची संस्था आहे.

चर्चगेटजवळच्या ओव्हल मैदानाचा वॉक असेल तर प्लीज तासभर आधी जा आणि मैदानाच्या मधोमध उभे राहा. पूर्वेला हायकोर्ट, राजाबाई टॉवर, सगळं दगडी गॉथिक, आणि पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको बिल्डिंगा, गोल बाल्कन्या, खिडक्यांवर छज्जे. या दोन्ही काळांतल्या इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, आणि मधलं मैदान मोकळं आहे म्हणूनच दोन्ही बाजू एकदम दिसतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वक्ता काय सांगतोय ते पटापट कळतं.

आर्किटेक्ट नसलात तरी बिनधास्त जा. एखादा शब्द अडला तर विचारा. आणि प्रश्न घरूनच लिहून न्या, शक्यतो तुमच्या वॉर्डातला, फुटपाथ, मैदान, रिडेव्हलपमेंट, डीपी २०३४ मध्ये, म्हणजे मुंबईच्या विकास आराखड्यात, तिथे काय दाखवलंय. खरी चर्चा तिथूनच पेटते! वॉकला पाणी, टोपी, चांगले बूट मस्ट.