बोअरचं पाणी पिताय? या चुका टाळा

पहिली चूक टीडीएस मीटरची; टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण. हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून आकडा काढतं. कोणता क्षार किती, हे त्याला कळत नाही. लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं पाणीही मीटरवर ३५० दाखवू शकतं आणि ‘पाचशेच्या आत आहे’ म्हणून घरातले निर्धास्त होतात. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, फ्लोराइडची मात्र १; दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. फ्लोराइडला ना चव ना वास. यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांत मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात ते याचेच, आणि ते पुन्हा जात नाहीत.

मग लोक पाणी उकळतात. जंतू मरतात, पण फ्लोराइड आणि नायट्रेट उलट वाढतात. १.५ मिलिग्रॅमवालं २ लिटर पाणी आटून दीड लिटर झालं की प्रमाण थेट २ वर जातं. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या वरच्या दुधाला वापरूच नका.

आरओ बसवला तरी एक फट उरते. त्यातला ‘टीडीएस कंट्रोलर’ चवीसाठी आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून न गेलेलं पाणी परत मिसळतो. बोअरला ४ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल आणि एक तृतीयांश पाणी असं मिसळलं, तर पेल्यात १.३ च्या वर आलंच. अशा ठिकाणी कंट्रोलरचा स्क्रू पूर्ण बंद करून घ्या. आरओमुळे कॅल्शियम जातं हे खरं, पण पेलाभर दूध ते सहज भरून काढतं.

मुतखड्याच्या भीतीने दूध तोडणं हीही चूकच. आहारातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला (मुतखडा बनवणाऱ्या घटकाला) धरून ठेवतं. ते कमी केलं की ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. जड (जास्त क्षारांच्या) पाण्यापेक्षा कमी पाणी पिणं जास्त नडतं. सॉफ्टनरचं (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचं) पाणी आंघोळीला ठीक, पण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं; रक्तदाबवाल्यांनी ते पिऊ नये.

तपासणीसाठी हापसा पाच मिनिटं चालवून मग १ लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली भरा. फ्लोराइडसाठी काच नको. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत फ्लोराइड, नायट्रेट आणि कठीणपणा (जडपणा) अशी नावं घेऊन चाचणी मागा; एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळ्यानंतर.