सुडो नसताना पायथन सोर्समधून कसं बसवायचं

कॉलेजच्या लॅबमधला सर्व्हर असो, ऑफिसातलं सामायिक लिनक्स मशीन असो, की पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म'सारखा महासंगणक, तिथला रूट पासवर्ड आपल्याला मिळत नाही आणि मिळूही नये. पण सुडो (रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची सोय) लागतं ते सिस्टिमच्या फोल्डरांत लिहायला, सोर्स म्हणजे मूळ कोड कंपाइल करून त्यातून चालता प्रोग्रॅम बनवायला नाही. पायथन ३.१२ होम फोल्डरात सुखाने बसतं. घोडं अडतं ते बहुतेक वेळा हेडर फायलींपाशी, म्हणजे लायब्ररी वापरून कंपाइल करताना लागणाऱ्या तिच्या वर्णनाच्या फायलींपाशी.

(खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या.)

आधी पाहणी

महासंगणकावर असाल तर पहिल्यांदा 'मॉड्यूल अव्हेल' चालवा. हवी ती आवृत्ती ॲडमिनने आधीच ठेवलेली असेल तर पुढची सगळी मेहनत टळली. नसेल तर 'जीसीसी' (कंपायलर) आणि 'मेक' (बिल्ड चालवणारं साधन) आहेत का ते बघा, आणि 'क्वोटा डॅश एस'ने जागा तपासा. सोर्स, बिल्ड आणि बसवलेलं पायथन मिळून दीड जीबी मोकळी असली की निर्धास्त.

होम फोल्डर नेटवर्क डिस्कवर असेल तर तिथे बिल्ड करू नका, हजारो छोट्या फायलींपायी ते रेंगाळतं. सोर्स स्लॅश टीएमपीत उघडा. मात्र काही ठिकाणी टीएमपीतून प्रोग्रॅम चालवायला बंदी असते. तसं असेल तर कॉन्फिगर (बिल्डआधी मशीन तपासणारी सोर्समधली स्क्रिप्ट) 'कॅनॉट रन सी कंपाइल्ड प्रोग्रॅम्स' म्हणून थांबतं. कंपायलरला दोष देत बसू नका, फोल्डर बदला.

ओपनएसएसएल: खरी मेहनत इथे

ओपनएसएसएल ही सुरक्षित नेटवर्क जोडणीची लायब्ररी. पायथन ३.१० पासून तिची १.१.१ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर १.०.२ आहे. सेंटओएस ७ चा आधार जून २०२४ मध्ये संपला, तरी अशी मशीनं अजून भेटतात. शिवाय लायब्ररी असणं वेगळं आणि तिच्या हेडर फायली असणं वेगळं. हेडर 'डेव्हल' किंवा 'डेव्ह' नावाच्या निराळ्या पॅकेजात येतात आणि नेमकं तेच बसवलेलं नसतं.

मग ओपनएसएसएल ३ स्वतः बांधायचं. त्याच्या 'कॉन्फिग'ला तीन पर्याय द्या:

- प्रीफिक्स: जिथे बसवायचं ते होममधलं फोल्डर, उदाहरणार्थ 'ऑप्ट स्लॅश ओपनएसएसएल'.
- लिबडिर: किंमत 'लिब'. हा विसरलात तर ६४-बिट मशीनवर लायब्ररी 'लिब६४'मध्ये जाते, पायथन ती 'लिब'मध्ये शोधतं आणि सापडली नाही म्हणतं.
- ओपनएसएसएलडिर: सिस्टिमच्या प्रमाणपत्रांचं फोल्डर. सेंटओएसवर ते 'ईटीसी स्लॅश पीकेआय स्लॅश टीएलएस', उबुंटूवर 'ईटीसी स्लॅश एसएसएल'. हा नसेल तर सगळं बांधून झाल्यावर 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' दिसतं. पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) स्वतःची प्रमाणपत्रं सोबत आणत असल्याने ते चालतं, आणि चूक आपल्या प्रोग्रॅममध्ये आहे असं वाटत राहतं.

मग 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल अंडरस्कोर एसडब्ल्यू'. दुसऱ्या आज्ञेमुळे मदतपानांचा ढीग टळतो. पर्लचं 'आयपीसी सीएमडी' मॉड्यूल सापडत नाही अशी तक्रार आली तर ते मॉड्यूल होममध्ये उतरवून त्याचा मार्ग 'पर्ल५लिब'मध्ये द्या.

लिबएफएफआय (सीटाइप्स मॉड्यूलला लागणारी लायब्ररी) आणि झेडलिब (कॉम्प्रेशनची लायब्ररी) यांची हेडर नसतील तर तीही याच रीतीने बांधा, आणि त्यांच्या 'पीकेजीकॉन्फिग' फोल्डरचा मार्ग 'पीकेजी कॉन्फिग पाथ' या चलात टाका. लायब्ररी चालवताना सापडावी म्हणून 'एलडीफ्लॅग्ज'मध्ये तिचा आरपाथ (प्रोग्रॅममध्येच नोंदवला जाणारा लायब्ररीचा मार्ग) द्या. 'एलडी लायब्ररी पाथ' बदलून कामचलाऊ भागतं, पण तोच बदल इतर प्रोग्रॅमनाही लागू होतो आणि भलतंच काहीतरी बिघडतं.

पायथन

पायथनच्या कॉन्फिगरला प्रीफिक्स ('ऑप्ट स्लॅश पायथन३१२'), 'विथ ओपनएसएसएल'मध्ये वरचं फोल्डर आणि 'विथ ओपनएसएसएल आरपाथ'ला 'ऑटो' द्या. 'इनेबल ऑप्टिमायझेशन्स'ने पायथन थोडं वेगवान होतं, पण बिल्डला बराच जास्त वेळ लागतो, आणि जुन्या जीसीसीवर ते 'कुड नॉट इम्पोर्ट रनपाय मॉड्यूल' म्हणून कोसळू शकतं. पहिल्या खेपेला तो पर्याय नकोच.

पुढे 'मेक डॅश जे४'. सामायिक लॉगिन मशीनवर सगळे कोअर लावणं म्हणजे ॲडमिनच्या ईमेलला आमंत्रण.

मेक संपलं की लगेच इन्स्टॉल करू नका. वर स्क्रोल करून न बांधलेल्या मॉड्यूलांची यादी वाचा. मेक बिनतक्रार संपतं आणि तरी त्या यादीत एसएसएल असू शकतं. टीकेइंटर, डीबीएम, एनआयएस ही नावं दिसली तर बहुतेकांनी सोडून द्यावीत. एसएसएल, सीटाइप्स किंवा झेडलिब दिसलं तर थांबा. झेडलिबवाचून पिप बसणारच नाही. उणीव भरून 'मेक डिस्टक्लीन' करा आणि कॉन्फिगर पुन्हा चालवा. नुसतं मेक परत चालवून उपयोग नाही, जुने निष्कर्ष मेकफाइलमध्ये कोरलेले असतात.

यादी समाधानकारक असेल तर 'मेक इन्स्टॉल' नव्हे, 'मेक ऑल्टइन्स्टॉल'. त्यामुळे 'पायथन३.१२' हेच नाव तयार होतं आणि सिस्टिमचं 'पायथन३' झाकलं जात नाही. ते झाकलं गेलं, तर त्या नावावर विसंबलेल्या स्क्रिप्ट तुमच्या खात्यात बिनसतात.

आता 'बॅशआरसी'त (शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) नव्या 'बिन' फोल्डरचा मार्ग पाथच्या, म्हणजे आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीच्या, सुरुवातीला जोडा आणि पुन्हा लॉगिन करा. पायथन३.१२ उघडून एसएसएल, सीटाइप्स आणि झेडलिब इम्पोर्ट करून बघा. रांगेत लावलेल्या जॉबमध्ये बॅशआरसी वाचली जाईलच असं नाही, तिथे पूर्ण मार्ग लिहा.

पॅकेजं व्हेन्वमध्येच (पायथनच्या वेगळ्या वातावरणात) टाका. बसवलेलं फोल्डर नंतर दुसरीकडे हलवू नका, पिपच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत आणि आरपाथमध्ये जुना मार्ग तसाच राहतो. पायथनला 'मेक अनइन्स्टॉल' नाही. म्हणूनच प्रत्येक आवृत्तीला वेगळं प्रीफिक्स द्यायचं: नको झाली की ते एक फोल्डर आणि बॅशआरसीतली ती ओळ काढली, की काम झालं.