म्हातारपणी कुणावर अवलंबून राहायचं नसेल तर आधी पायांकडे बघा

बीपी कंट्रोलमध्ये, शुगर नॉर्मल, रिपोर्ट सगळे छान, पण कमोडवरून उठताना भिंतीला धरावं लागतं, असं असेल तर खरं काम तिथे आहे. पुढे जाऊन स्वतःचं स्वतः करता येणार की नाही हे बऱ्याच अंशी मांड्यांचे स्नायूच ठरवतात. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर तर वेग अजून वाढतो, आणि दुखत नाही खुपत नाही म्हणून पत्ताच लागत नाही.

आधी आपण कुठे आहोत ते बघा. बिनहाताची टणक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची म्हणजे सरकत नाही, शेजारी कुणीतरी उभं असू दे. हातांची घडी छातीवर, आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. 65 ते 69 वयात पुरुषांना 12 पेक्षा आणि बायकांना 11 पेक्षा कमी जमलं तर पडायचा धोका जास्त समजतात. हात टेकल्याशिवाय उठताच आलं नाही तर स्कोअर शून्य. वाईट वाटून घेऊ नका, सुरुवात कुठून करायची ते कळलं एवढंच.

आणि व्यायाम म्हणाल तर तोच. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुकायचं, मग उठायचं. खरी मेहनत बसताना आहे, धपकन नाही बसायचं, मनात चारपर्यंत मोजत सावकाश खाली यायचं. उठणं जड जातंय तर खुर्चीवर जाड घट्ट उशी टाका, उंची वाढली की सोपं होतं, आणि जमायला लागलं की उशी काढा. आठ-दहा वेळा, मध्ये थांबून परत तेवढंच, आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस. मांड्या भरून येतील, ते चालतं, पण छातीत दुखलं, चक्कर आली किंवा गुडघ्यात कळ आली तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा.

"आता या वयात कसला व्यायाम" म्हणणाऱ्यांसाठी, 1990 साली अमेरिकेत एका छोट्या अभ्यासात नर्सिंग होममधल्या नव्वदीच्या आसपासच्या लोकांकडून 8 आठवडे पायांचं वेट ट्रेनिंग करून घेतलं होतं आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीच्याही वर गेली. नव्वदीत!

चालणं सोडू नका, पण नुसतं चालून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना 65 च्या पुढच्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, 2 दिवस ताकदीचा आणि 3 दिवस बॅलन्सचा सांगते. बॅलन्ससाठी ओट्यासमोर उभं राहा, बोटं ओट्यावर टेकलेली, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना पुढून चिकटवून 10 सेकंद, मग पाय बदला. जमलं की एका पायावर.

खाण्यात प्रोटीन बघा, साठी-पासष्टीनंतर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम लागतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. तहान कमी लागते म्हणून पाणी आठवणीने प्या.

रात्री बाथरूमला उठताना घाई करू नका. उठल्याबरोबर बीपी पडतं बऱ्याच जणांचं, म्हणून मिनिटभर कडेला बसा, पाय हलवा, लाईट लावा, मग उभे राहा. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत बीपी मोजून वरचा आकडा 20 ने उतरत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून वर्षातून एकदा तरी त्यांना दाखवाच, झोपेच्या गोळ्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी तोल जातो. कमोडजवळ दांडी बसवा, पायपुसणं घसरणारं असेल तर फेकून द्या.

मुलांनो, "आई तू बस, मी करतो" हे प्रेमाने म्हणता कळतं, पण वाकणं, उचलणं, जिने सगळं काढून घेतलंत तर तिचे पाय कशाने टिकणार? सोबत राहा, काम तिला करू द्या.

एक गोष्ट कुणी शिकवत नाही, पडल्यावर उठायचं कसं. कुणी जवळ असताना गादीवर प्रॅक्टिस करा. आधी पडून राहून कुठे लागलंय का बघायचं, कंबर किंवा मांडीत जोरात दुखत असेल, डोकं आपटलं असेल तर हलायचं नाही, मदत मागवायची. ठीक असेल तर कुशीवर वळायचं, हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं, रांगत पक्क्या खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात सीटवर ठेवायचे, जास्त ताकद असलेल्या पायाचं पाऊल पुढे रोवायचं आणि जोर लावून वर येत वळून बसायचं. लगेच चालायला लागू नका. आणि फोन खिशात ठेवत जा, टेबलावरचा फोन जमिनीवरून हाताला लागत नाही.